परग्रहावरचा वाटाड्या आणि एक किलोची चादर

परक्या मुलखात जाऊन तिथल्या माणसांसाठी झिजणारा डॉक्टर म्हटले, की सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये समुद्रमार्गे चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. दूरचित्रवाणीच्या जगातही असाच एक डॉक्टर आहे. तो मात्र माणूस नाही. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा हा नायक गॅलिफ्रे नावाच्या काल्पनिक ग्रहाचा रहिवासी आहे. लंडनच्या रस्त्यांवर पूर्वी दिसणाऱ्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारख्या, पण आतून अवाढव्य असलेल्या ‘टार्डिस’ यानातून तो स्थळकाळात हिंडतो, पृथ्वीवरचा एखादा सोबती बरोबर घेतो आणि अडलेल्यांना वाट दाखवतो. मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवण्याचा हेतू मालिकेच्या मूळ आखणीतच होता, म्हणून त्याच्या पहिल्या सोबत्यांत विज्ञानाचा एक शिक्षक आणि इतिहासाची एक शिक्षिका होती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, हेही जाता जाता नोंदवण्याजोगे आहे.

या डॉक्टरला दोन हृदये आहेत आणि मरणाच्या दारी तो नवे शरीर धारण करतो. १९६६ मध्ये मुख्य नट बदलावा लागला, तेव्हा ही युक्ती प्रथम वापरली गेली. जीवशास्त्राच्या दृष्टीने यांत फार खटकण्यासारखे काही नाही. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, त्यांतली दोन केवळ कल्ल्यांकडे रक्त ढकलतात. आणि प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या लहानशा तुकड्यापासूनही पूर्ण कृमी तयार होतो. शरीराच्या बाबतीत निसर्गाने लेखकांना बरीच सूट दिलेली आहे. खरी अडचण शरीरात नसून अंतरात आहे, आणि मालिकेने ती टार्डिसच्या दाराआड झाकून ठेवली आहे.

सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह २०१६ मध्ये सापडला. समजा, आपला हितचिंतक तिथला आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाणाऱ्या व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने तो निघाला, तर इथे पोचायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने निघाला, तर पृथ्वीवरच्या घड्याळाने ४.३ वर्षे जातील, पण त्याच्या स्वतःच्या घड्याळाने केवळ सात महिने आणि काही दिवस. हे सात महिने कल्पित नाहीत. विश्वकिरणांमुळे वातावरणात साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या २.२ पट असते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने धावूनही ते साधारण ६६० मीटरच्या पुढे फारसे टिकू नयेत. प्रत्यक्षात जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन येऊन पोचतो, कारण त्यांचे घड्याळ आपल्या हिशेबाने मंद चालते. गच्चीवर तळहात पसरून उभे राहिलात, तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा हा पुरावा तुमच्या हातातून आरपार जात असतो.

डॉक्टरबरोबर जाऊन आलेल्या सोबत्याचेही असेच होईल. दहावीची परीक्षा देऊन निघालेली एखादी मुलगी प्रॉक्सिमाला जाऊन परतली, तर ती सव्वा वर्षाने मोठी झालेली असेल आणि तिचा वर्ग साडेआठ वर्षांनी. ब्रह्मलोकी गेलेला ककुद्मी राजा रेवतीला घेऊन परतला, तेव्हा पृथ्वीवर युगे उलटली होती, ही पुराणकथा इथे हटकून आठवते. त्यावरून पूर्वजांना सापेक्षतावाद ठाऊक होता असे म्हणणे मात्र कथेवरही अन्याय करणारे आहे आणि भौतिकशास्त्रावरही. भविष्याकडे असे झपाट्याने जाता येते. मागे, भूतकाळात, जाण्याचा एकही पुरावा नाही, आणि डॉक्टरच्या बऱ्याच कथा तिथेच तर घडतात.

आता खर्चाचे पाहू. साधारण एक किलो वजनाची एक सोलापुरी चादर प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला न्यायची, तर तिला सुमारे ५.५ गुणिले १० चा १७ वा घात इतके ज्यूल ऊर्जा द्यावी लागेल. सोलापूरजवळचा एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे. तो एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालला आणि त्याची सगळी वीज याच कामी लावली, तरी सुमारे १३ वर्षे लागतील. आणि एवढे करून चादर थांबवायची कशी, हा प्रश्न उरतोच. माणूस, यान आणि खाणेपिणे यांचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा.

म्हणून परग्रहावर खरोखरच कोणी भला वाटाड्या असेल, तर तो स्वतः येण्याऐवजी रेडिओसंदेश पाठवील असे मला वाटते. रेडिओलहरींना वजन नसते आणि त्या प्रकाशाच्या वेगाने जातात. पण मग संभाषण संपते. प्रॉक्सिमाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साडेआठ वर्षांनी येईल. १९७४ मध्ये अरेसिबो दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे १६७९ अंकांचा संदेश सोडला गेला. तो गुच्छ २० हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. अशा वाटाड्याला समोरच्याचा चेहरा पाहून सल्ला देता येत नाही. पुढे कोण, काय विचारील हे आधीच ओळखून त्याला बोलून ठेवावे लागते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने आज वाचणाऱ्या सोलापूरकराला हा प्रकार अपरिचित नाही. आपणही एकदा तसेच केले आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकड्यांत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठी आहे; केसरबाई केरकरांची भैरवीही त्यांवर आहे. ऐकणारा कोण, हे ठाऊक नसताना केलेले हे बोलणे आहे.

प्रॉक्सिमा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्या शेजारचा अल्फा सेंटॉरी मात्र सोलापुरातून दिसतो आणि मराठीत त्याचे नाव ‘मित्र’ असे आहे. मे महिन्याच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून साडेअकरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित वर येतो. शहराच्या उत्तरेला असलेल्या नान्नजच्या माळावर जाऊ नये, कारण तिथून शहराचा उजेड दक्षिणेकडेच पडतो; विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जावे. तिथे दिसणारा मित्राचा प्रकाश ४.३७ वर्षांपूर्वी निघालेला असेल.