रीफ टँकचा रिटर्न पंप घेण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"चार फुटी टाकी आहे, पाच हजार लिटरवाला पंप दाखवा." रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी इथून सुरुवात करतात. पंप आम्ही दाखवतोच, पण त्याआधी सम्पची (मुख्य टाकीखालच्या छोट्या टाकीची, जिथून रिटर्न पंप पाणी परत वर चढवतो) उंची विचारतो, पाइप किती इंची आहे ते विचारतो आणि शक्य असेल तर विजेचं बिलही बघायला मागतो. बिल मागितल्यावर लोक हसतात. पण एकदा सुरू केल्यावर कधीच थांबायचं नाही, असं काम घरात फार थोड्या उपकरणांना असतं. फ्रिजचा कॉम्प्रेसरसुद्धा मधूनमधून विश्रांती घेतो. रिटर्न पंप वर्षाचे ८,७६० तास चालतो, म्हणजे त्याचा एकेक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट जाळतो.

त्यात आपल्याकडचं घरगुती बिल टप्प्यांचं. १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या चढत दर वाढत जातो. पंपाने वाचवलेली युनिटं बिलाच्या वरच्या टोकाकडून, म्हणजे तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणून हिशोब सरासरी दराने करू नका. शेवटच्या टप्प्याचा वीज आकार आणि वहन आकार मिळून जो दर होतो, तो धरा. या पत्रकात सोयीसाठी युनिटला १२ रुपये धरले आहेत. तुमचा दर वेगळा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

पाणी किती फिरवायचं?

सम्पमधून टाकीतलं पाणी तासाला दहा वेळा फिरलं पाहिजे, हा सल्ला अजून ऐकू येतो. आमच्या मते त्याची गरज नाही. तीन ते पाच वेळा पुरतं. रिटर्न पंपाचं काम पाणी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, चिलरपर्यंत (पाणी थंड करणारं यंत्र) नेऊन परत आणण्याचं. प्रवाळांना जो जोरदार, दिशा बदलणारा प्रवाह लागतो तो वेव्हमेकरने, म्हणजे टाकीच्या आतच पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपाने, द्यावा. वेव्हमेकरला पाणी वर चढवायचं नसतं, त्यामुळे दहा-पंधरा वॅटमध्ये तो तासाला काही हजार लिटर सहज हलवतो. तेच काम रिटर्न पंपाकडून करून घेणं म्हणजे फुकटची वीज घालवणं, वर सम्पमधून बुडबुडे टाकीत येणार आणि ओव्हरफ्लो (टाकीतलं पाणी खाली सम्पमध्ये उतरवणारी वाट) रात्रभर गुरगुरणार.

चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी घेऊ. कागदावर ती ४५० लिटरची. दगड, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा केली की पाणी ३८० ते ४०० लिटर. चौपट धरलं तर तासाला १,६०० लिटर. पाच हजारांची मागणी इथेच गळून पडते.

उंची कुठून कुठपर्यंत?

इथे जवळजवळ सगळेच चुकतात. पंप ठेवलाय तिथपासून मोजायचं नाही. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायचं. पंप पाण्यात किती खोल बसलाय याने फरक पडत नाही. स्टँड ८० सेंटिमीटर, टाकीत ५७ सेंटिमीटर पाणी आणि सम्पमध्ये २२ सेंटिमीटर पाणी असेल तर खरी उंची ११५ सेंटिमीटर.

यात पाइपाचं घर्षण मिळवायचं, आणि ते अनेकांना वाटतं त्यापेक्षा फार मोठं असतं. तासाला १,६०० लिटर पाणी दोन मीटर लांब अर्धा इंची पाइपातून ढकललं, तर पंपाला ढोबळमानाने आणखी एक मीटर उंची चढल्याइतकं जड जातं. तोच पाइप एक इंची केला तर हा भार आठ-दहा सेंटिमीटरवर येतो. म्हणजे थोड्याशा रुंद पाइपाने जे साधतं त्यासाठी लोक दुप्पट वॅटचा पंप घेतात. काटकोनी एल्बो शक्य तितके कमी ठेवा, जागा असेल तिथे ४५ अंशांचे दोन वापरा. तोंडाला अरुंद नोझल लावलंत तर तिथेही जोर खर्च होतो.

प्लंबरला एक गोष्ट मात्र बजावून सांगा. बाथरूमच्या कामात सर्रास वापरतात ते पितळी आट्यांचे सीपीव्हीसी फिटिंग इथे चालणार नाहीत. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते झिरपतं आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना ते विष आहे. सगळे फिटिंग पूर्ण प्लॅस्टिकचेच हवेत.

आता हिशोब पूर्ण करू. एक इंची पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, नोझल धरून एकूण उंची १.६ मीटर झाली असं समजा. तासाला १,६०० लिटर पाणी १.६ मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशोबाने जेमतेम ७ वॅट लागतात. घरगुती आकाराच्या पंपांची कार्यक्षमता काही फार नसते, तरीही चांगला पंप हे काम २५ ते ३० वॅटमध्ये करतो. तुमच्या सम्पमध्ये आज ८५ वॅटचा पंप व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालत असेल तर वर्षाला साधारण ४८० युनिटं, म्हणजे पावणेसहा हजार रुपये जास्तीचे जात आहेत.

खोक्यावरचा लिटरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो आणि कमाल उंचीचा आकडा शून्य प्रवाहाचा. दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. दोन पंपांवर ५,००० लिटर छापलेलं असेल, पण एकाची कमाल उंची २ मीटर आणि दुसऱ्याची ४ मीटर असेल, तर १.६ मीटरवर पहिला धापा टाकेल. पंपासोबत आलेखाचा कागद असतो, त्यात तुमच्या उंचीसमोरचा प्रवाह बघा. आलेखच नसेल तर तो पंप आम्हीही ठेवत नाही.

एसी की डीसी?

डीसी पंप म्हणजे छतावरच्या बीएलडीसी पंख्याचंच तंत्र: ब्रश नसलेली मोटर, २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर. साधा एसी पंप आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर एकाच वेगाने फिरतो. प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व्ह आवळायचा, आणि त्याने वॅट फारसे उतरत नाहीत. डीसीचा वेगच उतरवता येतो, म्हणून वीजही खरोखर कमी लागते.

वेग उतरवताना एक लक्षात ठेवा. पंप किती उंच चढवू शकतो हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. ४ मीटरचा पंप निम्म्या वेगाने फिरवला की त्याची कमाल उंची १ मीटर राहते. तुमची टाकी ११५ सेंटिमीटरवर असेल तर पंप फिरताना दिसेल, पण वर थेंबही येणार नाही. अशा वेळी पंप बिघडला म्हणून ग्राहक तो परत घेऊन येतात, आणि आम्ही काउंटरवर बादलीत लावून दाखवला की तो उत्तम चालतो. म्हणून "पुढे मोठी टाकी घेईन" म्हणून आत्ताच अवाढव्य डीसी पंप घेऊ नका. साठ ते ऐंशी टक्के वेगावर तुमचं काम भागेल, एवढाच घ्या.

डीसी सगळ्यांनी घ्यावा, असंही आम्ही म्हणत नाही. दोन फुटी नॅनो टाकीला १८ वॅटचा एसी पंप पुरत असेल आणि डीसी ते काम १२ वॅटमध्ये करत असेल, तर वर्षाची बचत सव्वासहाशे-साडेसहाशे रुपये. किमतीतला फरक भरून निघायला वर्षं लागतील. शिवाय डीसीची दुखरी नस म्हणजे कंट्रोलर. तो सम्पच्या वर, खारट बाष्पात लटकवला की त्याच्या पिनांवर मीठ चढतं. कॅबिनेटच्या बाहेर, भिंतीवर लावा. जमल्यास जादा अ‍ॅडॅप्टर घरात ठेवा.

चिलर असेल तर दुप्पट काळजी

पाण्यात बुडालेला पंप जितके वॅट घेतो ते जवळजवळ सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतात. युरोपातल्या थंड घरात ते चालून जातं. मुंबई, ठाणे, नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये, टाकी २५ ते २७ अंशांवर ठेवायची असताना, हीच उष्णता चिलरला बाहेर काढावी लागते. छोट्या चिलरला दोन युनिट उष्णता काढायला साधारण एक युनिट वीज लागते असं धरा. म्हणजे चिलर चालतो त्या महिन्यांत पंपाचे जास्तीचे ५५ वॅट बिलावर ८०च्या आसपास पडतात. नवा, मोठा चिलर घ्यायला आलेल्यांना आम्ही आधी जुना पंप काढायला सांगतो. (बंद कॅबिनेटमध्ये चिलर ठेवणाऱ्यांनी आधी दार उघडून बघावं, हेही ओघाने.)

चिलर रिटर्नच्याच पाइपावर जोडायचा असेल तर त्याला लागणारा किमान प्रवाह आणि त्याच्या आतला अडथळा, दोन्ही हिशोबात घ्या.

वीज गेल्यावर

पुण्यात गुरुवारी, इतरत्र कधीही. पंप थांबला की रिटर्नच्या तोंडातून पाणी उलटं सम्पमध्ये येऊ लागतं आणि तोंड उघडं पडेपर्यंत येत राहतं. चार बाय दोन फुटी टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ७.२ लिटर. तोंड पातळीच्या ४ सेंटिमीटर खाली असेल तर जवळपास २९ लिटर खाली येणार, आणखी ओव्हरफ्लोच्या पाइपातलं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी हवी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, त्यावर चुना आणि शेवाळ चढलं की तो नीट बंद होत नाही. तोंड एक-दोन सेंटिमीटरच बुडवा आणि पंप मुद्दाम बंद करून एकदा बघाच.

इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आधी घ्या, कारण पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला तर प्राणवायू मिळत राहतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप घुमतात आणि तापतात, साइन वेव्हच वापरा. पंप कुठलाही असो, टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. तो नसेल तर पंपाचं नंतर पाहू, आधी तो बसवून घ्या.

अमेरिकेहून आणलेला पंप

भाऊ, मुलगी, मित्र सुटीवर येताना पंप घेऊन येतात. डीसी असेल आणि अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा. तिकडचा १२० व्होल्टचा एसी पंप थेट आपल्या सॉकेटला लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमतं, पण हर्ट्‌झ जमत नाहीत. ६०चे ५० झाले की वेग एक षष्ठांशाने आणि कमाल उंची जवळपास तीस टक्क्यांनी कमी होते.

घरच्या घरी तपासणी

रिटर्नच्या तोंडाखाली दहा लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. १८ सेकंदांत भरली तर प्रवाह तासाला २,००० लिटर. वॅट मोजायला सॉकेटमध्ये लावायचा मीटर आमच्याकडून आठवडाभरासाठी नेता येतो. क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर गुणिले व्होल्ट हा हिशोब एसी पंपाला लागू पडत नाही, आकडा फुगून येतो.

प्रवाह कमी झाला असेल तर लगेच नवा पंप घेऊ नका. इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्रावर, चुन्याचा थर बसलेला असतो. पंप सोडवून पांढऱ्या व्हिनेगरच्या आणि पाण्याच्या मिश्रणात काही तास बुडवा, जुन्या टूथब्रशने इम्पेलर आणि त्याची पोकळी घासा, गोड्या पाण्यात धुवा. तीन-चार महिन्यांनी हे करत राहिलात तर पंपाचा आवाजही वाढत नाही. सिरॅमिकचा दांडा मात्र हलक्या हाताने काढा, तो पडला की तुटतो.

दुकानात येताना टाकीची आणि सम्पची मापं, दोन्ही पाण्याच्या पातळ्या, पाइपाचा आतला व्यास, एल्बोंची संख्या आणि सम्पचा समोरून काढलेला एक फोटो आणा. चिलर असेल तर त्याचं मॉडेल. प्रवाळ आम्ही विकत नाही, आणि भारतीय समुद्रातून काढलेलं प्रवाळ कोणी देऊ करत असेल तर घेऊ नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पंप पाण्यात न घातलेला आणि खोकं शाबूत असेल तर बदलून मिळेल.