शूफ्लाय पाय (घरी कसा करतात)

शूफ्लाय पाय हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा मोलॅसिसचा पाय (pie), म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ, त्या पारीला क्रस्ट म्हणतात. उसाच्या रसातून साखर काढून घेतली की जो काळा दाट पाक उरतो ते मोलॅसिस. 18व्या शतकात जर्मनभाषिक लोक तिकडे जाऊन वसले, त्यांच्या वंशजांना पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात आणि हा पाय त्यांचा, मुख्यतः लँकेस्टर आणि बर्क्स काउंटीतला. टुरिस्टांना तो सरसकट अमिश पाय म्हणून विकला जातो, पण अमिश हा साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ त्या समाजाचा छोटासा भाग, ल्युथरन आणि रिफॉर्म्ड चर्चवाली घरं कितीतरी जास्त होती आणि त्यांच्याकडेही हा व्हायचाच.

आधी म्हणे याला क्रस्ट नव्हतं, नुसता केक होता, 1876 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 100 वर्षं झाली तेव्हाचा सेंटेनियल केक. क्रस्ट आल्यावर तो हातात धरून खाता यायला लागला, म्हणून सकाळी कॉफीबरोबर नाश्त्यालाच खायचे. खरं तर हा हिवाळ्याचा पाय, फळं संपलेली असायची पण पीठ, चरबी आणि मोलॅसिस घरात असायचंच. जुन्या बऱ्याच पद्धतींत अंडंही नाही.

प्रकार दोन, ओला तळ आणि कोरडा तळ. कोरड्यात मैदा, साखर आणि बटरचा चुरा मोलॅसिसच्या पाकात मिसळून टाकतात, मग तो केकसारखा होतो, बरा लागतो. पण करायचा तर ओल्या तळाचाच करावा, कारण त्यात एका पायमध्ये तीन थर मिळतात, खाली चिकट मऊ पाक, मधे केक आणि वर खुसखुशीत चुरा, आणि हे थर वेगळे लावावे लागत नाहीत, ओव्हनमध्ये आपोआप होतात.

9 इंची पायला क्रस्टसाठी सव्वा कप मैदा, अर्धा कप थंड बटर (पूर्वी डुकराची चरबी घालायचे), चिमूटभर मीठ आणि बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे. शंकरपाळ्याला आपण मोहन कडकडीत घालतो, इथे बरोब्बर उलटं, बटर वितळलं की संपलं, ते बारीक तुकड्यांतच राहायला हवं म्हणजे पापुद्रे सुटतात, त्यामुळे जास्त मळायचं नाही आणि लाटायच्या आधी गोळा फ्रिजमध्ये ठेवायचा. चुऱ्याला दीड कप मैदा, अर्धा कप ब्राउन शुगर आणि साधारण 85 ग्रॅम थंड बटर बोटांनी चोळायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाऊण कप उकळतं पाणी, त्यात एक छोटा चमचा खायचा सोडा आणि लगेच एक कप मोलॅसिस. मोलॅसिस आम्लधर्मी असल्यामुळे ते फसफसून दुप्पट वर येतं, भांडं मोठंच घ्या, आणि हा फेस जिवंत आहे तोवर क्रस्टमध्ये ओतायचं, कारण मधला थर हलका होतो तो याच गॅसमुळे. वरून चुरा हलक्या हाताने भुरभुरायचा, दाबायचा अजिबात नाही, थोडा बुडतो तो केक होतो आणि वर राहतो तो कुरकुरीत. 220 अंशांवर 15 मिनिटं, मग 175 वर अर्धा तास, खाली ट्रे ठेवून, कारण उतू जातो. कडा फुगलेल्या आणि मधला भाग किंचित हलतोय तेव्हाच बाहेर काढायचा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, नाहीतर सगळा पाक ताटात वाहून येईल.

मोलॅसिस साधं किंवा गडद चालतं, पण ब्लॅकस्ट्रॅप (शेवटच्या उकळीचं, सगळ्यात काळं मोलॅसिस) नको, फार कडू. आपल्या साखर कारखान्यांतली मळी तर खायची वस्तूच नाही, ती डिस्टिलरीत जाते. इकडे करायचा तर काकवी घ्यावी. काकवीतली साखर काढलेली नसते त्यामुळे ती बरीच गोड आणि तो कडवटपणा तिच्यात नाही, म्हणून ब्राउन शुगर थोडी कमी करायची आणि चमचाभर लिंबाचा रस घालायचा, सोड्यालाही त्याची मदत होते.