जुन्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी ड्राइव्ह मधूनमधून गायब होणे

जुन्या डेस्कटॉपमधला सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्ह आज कॉम्प्युटरला दिसतो, उद्या चालू केलं की दिसत नाही, मग दोन-चार दिवस एकदम नीट आणि परत गायब, असा हा बिघाड. साधारण १९९८ ते २०१२ च्या दरम्यानच्या मशीनवर तो जास्त बघायला मिळतो, म्हणजे आयडीई पट्टीवाल्या (रुंद चपट्या केबलच्या) ड्राइव्हपासून साटाच्या (नंतरच्या बारीक केबलच्या) सुरुवातीच्या ड्राइव्हपर्यंत. आता सीडी वापरतं कोण असं वाटेल, पण लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडी, मोबाइलच्या आधीच्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो, दुकानाचा जुन्या टॅलीतला बॅकअप हे सगळं अजून घरोघरी कपाटात पडून आहे आणि ते वाचायला म्हणून जो पीसी माळ्यावरून खाली काढतात नेमका त्याचाच ड्राइव्ह नखरे करतो.

पूर्ण मेलेला ड्राइव्ह परवडला, बदलला की विषय संपला. मधूनमधून जाणारा फसवतो. तुम्ही केबल काढून परत लावता, मशीन चालू करता, ड्राइव्ह येतो, आणि केबलच लूज होती असं ठरवून झाकण लावून टाकता, पण तो कदाचित तसाही आला असता. त्यामुळे तपास करायचा तो ड्राइव्ह गायब असतानाच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, जंपर (ड्राइव्हच्या मागची पिनांवर बसणारी छोटी टोपी), एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा) आणि ड्रायव्हर (विंडोजमधलं ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर) एका बैठकीत बदलले तर मशीन चालेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

आधी काय गायब आहे ते बघा

'ड्राइव्ह चालत नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. ड्राइव्हचं चिन्ह दिसतंय पण डिस्क टाकली की नुसता फिरतो आणि 'डिस्क टाका' म्हणतो, हा वाचण्याचा दोष, यात लेन्सवरची धूळ किंवा थकलेला लेझर असतो. सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असल्यामुळे सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही असंही होतं. ट्रे बाहेर येत नसेल तर बहुतेक आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. हे दोन्ही या नोंदीचे विषय नाहीत, कारण तिथे कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसतोय.

ड्राइव्हच दिसत नसेल तर विंडोजमध्ये शोधाशोध करण्याआधी मशीन रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) जायचं. तिथे ड्राइव्हचं नाव असतं, पण ते बॉक्सवरचं नसतं, एलजीचा ड्राइव्ह बहुतेक वेळा 'एचएल-डीटी-एसटी' म्हणून दिसतो (हिताची-एलजी) आणि सॅमसंगचा 'टीएसएसटीकॉर्प' म्हणून, त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका. बायोसमध्येच नाव नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, आणि तरीही आपल्याकडे पहिला सल्ला 'फॉरमॅट मारून बघू' हाच मिळतो, जो इथे निव्वळ वेळेची नासाडी आहे. बायोसमध्ये नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, तर मग दोष बहुतेक सॉफ्टवेअरचा. आणि नाव आहे पण एखाददुसरं अक्षर भलतंच आलंय, तर हा सगळ्यात चांगला पुरावा समजायचा, कारण आयडीईवर नाव १६ डेटा तारांवरून दोन-दोन अक्षरं मिळून येतं, एखादी तार तुटली किंवा पिन वाकली की तेवढा बिट बिघडतो आणि स्पेलिंग बदलतं.

चालू होताना आत काय घडतं

आयडीईच्या एका पट्टीवर दोन उपकरणं बसतात, एक मास्टर, एक स्लेव्ह. मशीन चालू झालं की शाळेतल्या हजेरीसारखा प्रकार होतो. रीसेटनंतर स्लेव्हने ४०० मिलिसेकंदांच्या आत एका तारेवर 'मी आहे' असा इशारा द्यायचा असतो, मास्टर त्याहून थोडा जास्त वेळ बघतो आणि इशारा नाही आला तर स्लेव्ह नाहीच असं धरून चालतो. इशारा आला तर स्लेव्हची स्वतःची तपासणी पूर्ण होईपर्यंत मास्टर ३१ सेकंदांपर्यंत थांबू शकतो. मशीन चालू करताना स्क्रीन अर्धा मिनिट एकाच जागी अडकून राहते आणि मग पुढे जाते ते बऱ्याचदा यामुळे, म्हणजे स्लेव्हने हात तर वर केला पण पुढे काही बोललाच नाही. त्यानंतर ड्राइव्ह आपल्या रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या नोंदखान्यात) एक ठरलेली खूण ठेवतो, त्यावरून बायोसला कळतं की ही हार्ड डिस्क नाही, सीडी जातीतला ड्राइव्ह आहे, आणि मग नाव विचारायची वेगळी कमांड जाते.

यातली कुठलीही पायरी थोडी उशिरा झाली तरी ड्राइव्ह त्या वेळेपुरता 'नाही' ठरतो. ट्रेमध्ये ओरखडे पडलेली डिस्क राहिली असेल तर काही ड्राइव्ह चालू झाल्या झाल्या तीच वाचत बसतात आणि उत्तरच देत नाहीत, म्हणून तपासताना ट्रे रिकामा ठेवायचा, वीज नसेल तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घालून ट्रे काढता येतो. काही बायोसमध्ये 'आयडीई डिटेक्ट टाइम आउट' किंवा हार्ड डिस्कसाठी थांबण्याचे सेकंद अशी सेटिंग असते, ती वाढवून आणि 'क्विक बूट' बंद करून ड्राइव्ह रोज यायला लागला तर समजायचं की तो जिवंत आहे पण उठायला वेळ घेतोय.

पट्टी आणि जंपर

आयडीईची डेटा केबल १८ इंचांपेक्षा लांब नसावी असा नियम आहे, पण मोठ्या कॅबिनेटमध्ये वरच्या खणापर्यंत पोचावी म्हणून त्याहून लांब केबल सर्रास विकल्या गेल्या, गोल गुंडाळलेल्या रंगीत केबलसुद्धा, त्या दिसायला छान पण सिग्नलला वाईट. ४० तारांची पट्टी जुनी, ८० तारांची नंतरची. कनेक्टर दोन्हीकडे तेच ४० पिनांचे, जास्तीच्या ४० तारा फक्त ग्राउंडच्या, मधल्या सिग्नलना एकमेकांपासून वेगळं ठेवायला. ८० वाल्या पट्टीत निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला, आणि हे रंग शोभेचे नाहीत, निळं टोक ड्राइव्हला लावून चालत नाही. एकच ड्राइव्ह असेल तर तो शेवटच्या काळ्या टोकाला लावायचा, मधल्याला लावला की पुढचा मोकळा तुकडा लोंबकळत राहतो आणि त्यावरून सिग्नल परत उलटा येतो.

जंपरचा घोळ सगळ्यात जास्त केबल सिलेक्टमध्ये होतो. ड्राइव्हच्या मागे एमए (मास्टर), एसएल (स्लेव्ह) आणि सीएस (केबल सिलेक्ट) अशा तीन जागा असतात. सीएसवर ठेवलं तर ड्राइव्ह केबलवरच्या २८ नंबरच्या पिनवरून आपण कोण ते ठरवतो, पण साध्या ४० तारांच्या पट्टीत ती पिन दोन्ही ड्राइव्हना सारखीच पोचते, मग दोघंही मास्टर व्हायला बघतात आणि जो आधी बोलेल तो दिसतो. इथे 'कधी येतो कधी जातो' ही तक्रार अगदी हुबेहूब तयार होते. उपाय फुकटचा आहे, एकाला एमए आणि दुसऱ्याला एसएल करून टाकायचं. एकटा ड्राइव्ह स्लेव्ह म्हणून ठेवणंही टाळावं, काही बोर्डांवर चालतं, काहींवर चालत नाही आणि काहींवर मूडप्रमाणे चालतं.

साटाला जंपरची भानगड नाही, एका केबलवर एकच ड्राइव्ह, पण तिचं सात संपर्कांचं प्लास्टिकचं टोक सहज तिरकं होतं आणि सुरुवातीच्या केबलना धरून ठेवणारी लोखंडी क्लिप नव्हती. ड्राइव्ह फिरताना कॅबिनेट थरथरलं की संपर्क सुटतो. क्लिपवाली केबल घ्यायची, आणि शक्य असेल तर बोर्डावरचा पोर्टसुद्धा बदलून बघायचा. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत पडून राहिलेल्या मशीनचे संपर्क काळपट होतात हेही आहे, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पेट्रोल किंवा सेंटचा स्प्रे नको.

एसएमपीएस, फुगलेले कॅपॅसिटर आणि सेल

केबल बदलूनही फरक नसेल तर माझ्या मते ड्राइव्हवर शंका घेण्याआधी वीज तपासावी, कारण ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, ५ वर डोकं चालतं आणि १२ वर मुख्यतः मोटर. म्हणजे लाइट लागला, ट्रे बाहेर आला म्हणून वीज बरोबर आहे असं होत नाही. चार तारांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये लाल ५, पिवळी १२ आणि दोन काळ्या ग्राउंड, मल्टिमीटर लावून लाल ४.७५ ते ५.२५ आणि पिवळी ११.४ ते १२.६ यांच्या आत पाहिजे, आणि हे मशीन चालू होतानाच बघायचं, निवांत असताना सगळेच एसएमपीएस साधू असतात. त्या कनेक्टरच्या आतल्या गोल नळ्या वारंवार काढघाल करून सैल होतात किंवा पिन मागे सरकते, दिसायला घट्ट बसलेला पण आत अर्धवट टेकलेला, हे इतकं कॉमन आहे की दुसरा मोकळा कनेक्टर लावून बघणं हीच पहिली परीक्षा ठेवली तरी चालेल.

वेळ कधीची हेही सांगून जातं. थंड मशीनवर ड्राइव्ह येत नाही पण दहा मिनिटांनी रीस्टार्ट केलं की येतो, असं असेल तर कॅपॅसिटर (वीज साठवून ती सपाट ठेवणारे छोटे नळकांडे) बघा. साधारण १९९९ ते २००७ मध्ये बनलेल्या अनेक बोर्डांवर आणि एसएमपीएसमध्ये निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर गेले, त्यांची डोकी फुगतात, तपकिरी पाझर दिसतो. उलट थंड असताना ठीक आणि तापल्यावर गायब असेल तर सोल्डरला बारीक तडा असण्याची शक्यता जास्त. एसएमपीएस मात्र स्वतः उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला असेल तर घड्याळ दरवेळी मागे जातं, ते सगळ्यांना कळतं, पण सोबत बायोसच्या सेटिंगही मूळ जागी जातात आणि मुळात बंद असलेला चॅनल (ड्राइव्हची जोडणी) परत बंद होतो किंवा साटाचा मोड बदलतो, ते लवकर लक्षात येत नाही. मेन स्विच रात्री बंद करणाऱ्या घरात हा दोष रोज सकाळी येतो, कारण स्टँडबाय वीज असेपर्यंत सेटिंग टिकून असतात.

२००६ नंतरच्या बोर्डांचा वेगळाच प्रकार

इंटेलने २००६ मध्ये ९६५ चिपसेटसोबत (मदरबोर्डावरच्या मुख्य चिप) आलेल्या आयसीएच८ या चिपमधून आयडीई काढूनच टाकलं. लोकांकडे ड्राइव्ह मात्र आयडीईचेच, म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी जेमायक्रॉन किंवा मार्व्हेलची वेगळी छोटी चिप लावून एक आयडीई सॉकेट ठेवला. त्या सॉकेटवरचा ड्राइव्ह बायोसच्या नेहमीच्या यादीत न येता नंतर वेगळ्या स्क्रीनवर येतो, त्या चिपची सेटिंग वेगळी, ड्रायव्हर वेगळा, आणि विंडोज एक्सपीच्या सीडीवरून बूट होऊन इन्स्टॉल अर्ध्यात आलं की विंडोज म्हणतं सीडी ड्राइव्हच नाही. ज्या सीडीवरून ते चालू आहे तिच्याच बाबतीत. असल्या बोर्डावर आयडीई ड्राइव्हशी झगडत बसण्यापेक्षा जुना साटा ड्राइव्ह घेऊन मुख्य पोर्टला लावणं शहाणपणाचं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारलं तर वापरलेला मिळू शकतो.

विंडोजच्या बाजूने

बायोसमध्ये नाव पक्कं आहे आणि विंडोजच दाखवत नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी) पिवळं उद्गारचिन्ह आणि १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ असा कोड आहे का बघायचं. असेल तर बहुतेक वेळा कारण अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) दोन नोंदी असतात. सीडी जाळायची (म्हणजे लिहायची) सॉफ्टवेअर, व्हर्च्युअल ड्राइव्हची सॉफ्टवेअर, अगदी आयट्यून्ससुद्धा स्वतःला विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये बसवतात, आणि सॉफ्टवेअर अर्धवट काढलं की फाइल जाते पण नोंद राहते. सीडी ड्राइव्हच्या क्लासमधल्या (डिस्क ड्राइव्हच्या नाही, तिथे हात घातला तर मशीन चालूच होणार नाही) त्या दोन नोंदी आधी बॅकअप घेऊन काढल्या आणि रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह परत येतो, मग ते जाळायचं सॉफ्टवेअर हवं असेल तर परत टाकावं लागतं. कोड काहीच नाही आणि ड्राइव्ह फक्त 'माय कॉम्प्युटर'मध्ये नाही, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला अक्षर मिळालंय का तेवढं बघा.

एक्सपीची अजून एक खोड. डेटा केबलवर एकूण सहा टाइमआउट किंवा सीआरसी (डेटा बिघडल्याच्या) चुका झाल्या की ते वेग एकेक पायरी खाली आणतं, शेवटी पीआयओ या सगळ्यात हळू मोडवर, आणि केबल नवीन लावली तरी आपणहून परत वर जात नाही. ड्राइव्ह रडत चालतो, मधेच अडकतो. तो चॅनल डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की वेग परत येतो, काही दिवसांनी पुन्हा पीआयओ दिसला तर केबल किंवा विजेचा दोष अजून तिथेच आहे.

लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह हाताशी असेल तर त्यावरून बूट करून बघणं हा विंडोज निर्दोष आहे की नाही हे ठरवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग, कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश वाचले तर रीसेट किती वेळा झाला तेही दिसतं. लिनक्सचं नाव निघालंच तर, २००३ मध्ये मँड्रेक ९.२ या लिनक्सच्या आवृत्तीने एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह खरोखर मारले होते, कर्नलने पाठवलेली कॅशे रिकामी करायची कमांड ते ड्राइव्ह फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला स्वतःचा प्रोग्रॅम) बदलायची कमांड समजत होते. आताच्या लिनक्सला ती भीती नाही.

लॅपटॉप आणि बाहेरचा ड्राइव्ह

लॅपटॉपमधला पातळ ड्राइव्ह बहुतेक वेळा तळाच्या एकाच स्क्रूवर अडकलेला असतो, स्क्रू पडला की तो मिलिमीटरभर बाहेर सरकतो आणि गायब होतो, आत दाबून स्क्रू लावला की झालं. बाहेरून यूएसबीने लावायच्या ड्राइव्हचं दुखणं वेगळं, यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतं, म्हणून लावल्यावर दिसतो आणि डिस्क टाकली की निघून जातो. जुन्या डेस्कटॉपला असा ड्राइव्ह लावायचा तर पुढचे पोर्ट सोडून मागच्या मदरबोर्डवरच्या पोर्टला लावायचा, आणि सोबत दोन टोकांची वाय केबल आली असेल तर दोन्ही टोकं लावायची.