व्हर्च्युअल टेबलटॉपसाठी साहसकथेची तयारी

छापील साहसकथा ऑनलाइन खेळवता यावी म्हणून तिचे नकाशे, सोंगट्या, नोंदी आणि चित्रे व्हर्च्युअल टेबलटॉपवर (व्हीटीटी, म्हणजे सर्वांना एकच पट पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर) आधीच चढवून ठेवण्याचे काम. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे वठवून खेळायचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला आणि पुढची तीन दशके साहसकथा कागदासाठीच लिहिल्या गेल्या. पुस्तक डीएमच्या (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) हातात, समोर पुठ्ठ्याचा आडपडदा. काय सांगायचे आणि काय झाकायचे ते बोलता बोलता ठरे. फँटसी ग्राउंड्स (२००४), रोल२० (२०१२) किंवा फाउंड्री (२०२०) या व्हीटीटींवर ते आधीच, एकेका वस्तूसाठी ठरवावे लागते. कोणती गोष्ट कोणाला दिसेल हे ठरवणे हा या तयारीचा गाभा आहे.

नकाशा डीएमचा की खेळाडूंचा, हे आधी पाहावे. पुस्तकातल्या नकाशावर खोल्यांचे क्रमांक, गुप्त दारांची ‘एस’ खूण आणि सापळे छापलेले असतात. तोच चढवला, तर कितीही अंधार टाकला तरी खोली उजळली की खूणही उजळते. अनेक प्रकाशक बिनखुणांची प्रत वेगळी देतात. ती नसेल तर शेजारच्या फरशीचा तुकडा खुणेवर चिकटवून ती झाकावी. मापही तपासावे. आज नकाशाच्या जाळीतले एक घर ५ फुटांचे धरतात, जुन्या साहसकथांत ते बहुधा १० फुटांचे असे. नकाशा तसाच लावला तर दहा फुटी बोळात दोन शिलेदार शेजारी उभे राहू शकत नाहीत. अशा नकाशातल्या प्रत्येक घराची चार घरे करावीत.

रोल२० मध्ये घराची बाजू मुळात ७० पिक्सेल असते, फाउंड्रीत १००. चित्रात छापलेली जाळी या मापाला क्वचितच बसते आणि ती नजरेने जुळवणे फसवे असते. ६८ पिक्सेलची घरे ७० च्या जाळीवर ठेवली तर पहिल्या चार-पाच घरांत काही कळत नाही. चाळिसाव्या घरापाशी मात्र ८० पिक्सेलची तफावत पडते आणि सोंगटी भिंतीत उभी राहते. त्यापेक्षा चित्र संपादकात सलग दहा घरांची लांबी मोजावी. ती ६८३ पिक्सेल भरली तर एक घर ६८.३ चे, ७० ला ६८.३ ने भागले की सुमारे १.०२५ येतात. चित्र तितक्या पटीने वाढवावे, म्हणजे ३००० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०७५ करावे.

वेबपी या चित्रप्रकारात फाईल हलकी होते, पण खेळाडूच्या ग्राफिक्स मेमरीत चित्र पूर्ण उलगडून बसते. ६००० × ४००० पिक्सेलचे चित्र डिस्कवर ३ एमबीचे असले तरी तिथे सुमारे ९६ एमबी जागा घेते. जुन्या लॅपटॉपवर पडदा काळा पडला तर पहिला संशय यावरच घ्यावा. मोठ्या किल्ल्याच्या प्रत्येक मजल्याचा सीन (व्हीटीटीवरचे एक पान) वेगळा करावा.

चित्रातली भिंत व्हीटीटीला कळत नाही. नजर अडवणारी रेषा वेगळी ओढावी लागते. ती भिंतीच्या जाडीच्या मधोमध न्यावी. आतल्या कडेवरून नेली तर भिंत अंधारात जाते आणि खोलीला आकारच उरत नाही. रेषांची टोके एकमेकांना चिकटलेली हवीत. कोपऱ्यात एक-दोन पिक्सेलची फट राहिली तरी मशालीचा उजेड बारीक सुईसारखा पलीकडे शिरतो आणि दबा धरून बसलेल्या ऑर्कचा अर्धा चेहरा उजळतो. दार हा रेषेचा स्वतंत्र तुकडा असतो. खिडकी चाल अडवते, नजर नाही. गुहेची वेडीवाकडी कड शेकडो तुकड्यांत गिरवू नये, प्रत्येक तुकड्यागणिक उजेडाचे गणित जड होते. डन्जनड्राफ्ट या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नकाशा ‘युनिव्हर्सल व्हीटीटी’ या फाईलप्रकारात बाहेर काढला तर भिंती आणि दिवे सोबत येतात. ही सोय जरूर वापरावी.

सोंगट्यांत सगळ्यात महाग पडते ती दुव्याची चूक. पाच गॉब्लिन एकाच तक्त्याला (पात्राची ताकद, जखमा वगैरेंच्या नोंदीला) जोडलेले राहिले, तर एकाला बसलेला ६ चा घाव पाचही जणांना लागतो. शत्रूंचा दुवा तोडावा, खेळाडूंच्या पात्रांचा ठेवावा. सोंगटीखालचे नावही पाहावे. सरायवाल्याखाली ‘डॉपलगँगर’ (दुसऱ्याचे रूप घेणारा प्राणी) दिसले की रहस्य तिथेच संपते.

प्रत्येक खोलीच्या नोंदीत वाचून दाखवायचा मजकूर तीन वाक्यांपुढे नेऊ नये. कॉलवर समोरच्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत, त्यामुळे लक्ष उडाले हे डीएमला उशिरा कळते. मराठी मजकूर नकाशावर लिहायचा असेल तर जोडाक्षरे आधी तपासावीत. काही फाँट ती तोडतात. अशा वेळी मजकुराचे चित्र करून लावणे सोपे.

चाचणी डीएमच्या खात्यावरून करून उपयोग नाही, कारण त्याला सगळेच दिसते. ब्राउझरच्या खासगी खिडकीत खेळाडू म्हणून शिरावे, एक सोंगटी हातात घ्यावी आणि प्रवेशद्वारापासून शेवटच्या खोलीपर्यंत प्रत्येक दार उघडत चालत जावे.