मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण

मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण : ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो, अशा सॉफ्टवेअरमधले मेनू, बटणे, सूचना आणि मदतीचा मजकूर मराठीत आणण्याचे काम. यातली मंडळी त्याला ‘लोकलायझेशन’ म्हणतात, कागदोपत्री ‘स्थानिकीकरण’. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवरचे ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप, फायरफॉक्स, लिबरऑफिस, वर्डप्रेस, विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, या सगळ्यांवर कमीअधिक प्रमाणात हे काम झाले आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा परिभाषेचा खटाटोप वाटतो. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणावे की फाइलच राहू द्यावे? हे वाद होतात आणि बहुतेकदा फाइलच जिंकते. पण खरी डोकेदुखी शब्दांची नाही, वाक्याच्या साच्याची आहे.

ग्नोम, केडीई आणि वर्डप्रेसच्या कामाचा पाया म्हणजे ‘गेटटेक्स्ट’ ही पद्धत. तिची ग्नू प्रकल्पातली आवृत्ती १९९५ साली आली. प्रोग्राममधली इंग्रजी वाक्ये वेचून एका ‘पीओ’ फाइलमध्ये ठेवली जातात. प्रत्येक वाक्याच्या दोन ओळी : वरची ‘एमएसजीआयडी’, म्हणजे मूळ इंग्रजी, आणि खालची ‘एमएसजीएसटीआर’, जिथे आपण मराठी लिहायचे. मधूनच टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटलेला ‘एस’ दिसतो. प्रोग्राम चालू असताना तिथे एखादे नाव येऊन बसते. हे चिन्ह अनुवादात चुकले तर प्रोग्राम कोसळूही शकतो, म्हणून फाइल तपासणारे साधन आधी त्यावरच बोट ठेवते.

मराठीची गाडी याच टक्क्यापाशी अडते. हवामान दाखवणाऱ्या प्रोग्रामात ‘अमुक ठिकाणचे हवामान’ असे वाक्य आहे असे समजा. इंग्रजीत गावाचे नाव जसेच्या तसे बसते. मराठीत पुणे पुण्यात होते, सातारा साताऱ्यात, कोल्हापूर कोल्हापुरात आणि तिथला ‘पू’ ऱ्हस्वही होतो. सामान्यरूप करणे संगणकाच्या हाती नसते. तो सरळ ‘पुणेमध्ये’ असे चिकटवून मोकळा होतो. मुरलेला अनुवादक मग विभक्तीच टाळतो : ‘पुणे येथील हवामान’, नाहीतर ‘हवामान : पुणे’. माणसांच्या नावांसाठी ‘यांनी’, ‘यांची’ मदतीला येतात. मराठी पडद्यांवर ‘येथील’ आणि ‘यांनी’ यांची एवढी गर्दी का, याचे उत्तर सरकारी वळणात नव्हे, या चिन्हात आहे.

लिंगाचेही तसेच. फाइल हटवली, फोल्डर हटवले, फोटो हटवला. आता ‘अमुक हटवले’ हे एकच वाक्य तिघांना कसे पुरावे? (‘हटवणे’ हिंदी वळणाचे म्हणून नाके मुरडली जातात, पण ‘फोटो काढला’ लिहिले की अर्थ नेमका उलटा होतो.) सदस्य सामील ‘झाला’ की ‘झाली’, हेही बहुतेक प्रोग्रामांना ठाऊक नसते, म्हणून आदरार्थी ‘झाले’ लिहून वेळ मारून नेतात. मीडियाविकीने मात्र याची सोय केली आहे : सदस्याने आपल्या पसंतीत लिंग नोंदवले असेल, तर अनुवादकाने लिहिलेल्या रूपांपैकी योग्य ते दिसते. माझ्या मते इतरांनी उचलावी अशी ही सोय आहे.

अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसण्यामागेही आळस हेच कारण नसते. मूळ इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम जरी हलला, तरी जुना अनुवाद ‘फझी’ म्हणजे संशयित ठरतो. कोणी तो पुन्हा तपासेपर्यंत प्रोग्राम त्याला बाजूला ठेवून इंग्रजीच दाखवतो. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, त्यामुळे एकदा शंभर टक्क्यांवर नेलेली भाषा कोणी लक्ष दिले नाही तर आपोआप खाली येते.

अक्षरे नीट उमटली नाहीत तर यातले काहीच कामाचे नाही. लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट २००४ साली खुले केले. जोडाक्षरांची जुळणी आता बहुतेक ठिकाणी ‘हार्फबझ’ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. मराठीच्या स्वतःच्या मागण्या असतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक केवळ रफाराचा. एकात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. ही ‘ऱ्य’ची चंद्रकोर युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात दोन तऱ्हांनी लिहिता येते : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. दोन्ही दिसतात सारखी, पण एका तऱ्हेने शोधले तर दुसरी सापडेलच असे नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे, त्यासाठी फॉन्टमध्ये भाषेनुसार वेगळा आकार ठेवावा लागतो.

हे काम करणारे बरेचसे हौशी : विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त मंडळी. नवखा माणूस सहसा ‘वेबलेट’, मोझिलाचे ‘पॉन्टून’ किंवा ‘ट्रान्सलेटविकी’ यांसारख्या साधनातून सुरुवात करतो. तिथे पीओ फाइलला हातही लावावा लागत नाही. त्याने वाक्य सुचवायचे आणि जुन्या जाणत्याने ते तपासून मंजूर करायचे. अडते ते इथेच. सुचवणारे मिळतात, तपासणारे मिळत नाहीत. यंत्रानुवाद आल्यापासून सुचवण्यांचा ढीग वाढला आणि तपासणाऱ्यावरचा भारही.

पगारी काम थोडेच. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी ग्नोम आणि फेडोरा या लिनक्स प्रणालीचा मोठा भाग मराठीत आणला, पण कंपनीच्या पैशावर उभे असलेले काम कंपनीची प्राथमिकता बदलेपर्यंतच टिकते. निव्वळ अनुवादावर पोट भरणे कठीण. इथून पुढे वाटा फुटतात त्या फॉन्टची जडणघडण, कळफलक, चाचणी, किंवा कोड बहुभाषी करणाऱ्या अभियंत्याच्या कामाकडे. गूगलच्या २००५पासूनच्या ‘समर ऑफ कोड’सारख्या उपक्रमांत मानधनही मिळते, मात्र ते कोडसाठी, अनुवादासाठी नाही.

ग्नोमच्या बहुतेक पीओ फाइलींत एक ओळ असते, ‘ट्रान्सलेटर-क्रेडिट्स’. तिचा अनुवाद करायचा नसतो. तिच्याखाली अनुवादकांनी आपापली नावे लिहायची, आणि ती प्रोग्रामची माहिती देणाऱ्या ‘विषयी’च्या खिडकीत दिसतात. नवखे कधीकधी तिथेही ‘अनुवादक श्रेय’ असे मराठी लिहून ठेवतात.