माळव्यातला तांबेरा आणि लोक-1 चा वाद

गव्हाच्या तांबेऱ्याला, म्हणजे बुरशीमुळे येणाऱ्या रोगाला, इंदूरकडे गेरुआ म्हणतात. रंगावरून त्याचे काळा, तपकिरी आणि पिवळा असे प्रकार. इथे भीती काळ्याची आणि तपकिरीची. पिवळ्याला लागते तेवढी लांब थंडी माळव्यात पडत नाही. नर्मदेच्या खोऱ्यातला गहू तांबेऱ्याने बसल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आहेत. पण आजच्या चर्चेचे, म्हणजे तांबेऱ्याला बळी पडणारा लोक-1 हा गव्हाचा वाण पेरावा की नाही या वादाचे, मूळ 1946-47 च्या हंगामात आहे. त्या वर्षी काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातले उभे पीक नेले. पुढे 1951 मध्ये इंदूरला गव्हाचे संशोधन केंद्र आले, तेही मुख्यतः तांबेऱ्यापुढे टिकतील असे वाण काढण्यासाठी. ‘एचआय’ अक्षरांनी सुरू होणारे वाण तिथलेच.

मे महिन्यात माळव्यात हिरवा गहू नसतो आणि त्या उन्हात बीजाणूही, म्हणजे रोग पसरवणारे बुरशीचे सूक्ष्म कणही, जगत नाहीत. मग दर हंगामात रोग येतो कुठून? काळ्या तांबेऱ्याचे उत्तर दक्षिणेत सापडले. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत तो वर्षभर टिकतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातून वादळ आले की बीजाणू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतात आणि पावसाबरोबर शेतात उतरतात. ही वाट 1970 च्या दशकात नीट मांडली गेली.

दुसरी गोष्ट बुरशी बदलते कशी याची. परदेशात काळ्या तांबेऱ्याचा संकर दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांवर होतो. आपल्याकडे हिमालयात ही झुडपे आहेत, पण रोगचक्रात त्यांचा वाटा दिसलेला नाही. म्हणून इथे बुरशीचे नवे वंश, म्हणजे वेगवेगळ्या वाणांवर चालणारे तिचे प्रकार, बहुतेक उत्परिवर्तनातून (जनुकातल्या अचानक बदलातून), एकेक पायरीने तयार होतात. मोठ्या क्षेत्रावर एकाच प्रतिकारक जनुकाच्या भरवशावर गहू पेरला, तर बुरशीला एक पायरी पुरते. कल्याणसोना हा वाण 1970 च्या दशकात तपकिरी तांबेऱ्यापुढे असाच पडला. वंश ओळखण्यासाठी ठरावीक गव्हांचा संच वापरतात. 1920 च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या 12 गव्हांच्या संचात आपली खपलीही होती, आणि तिच्यातली प्रतिकारक जनुके पुढे परदेशी वाणांत गेली.

आता लोक-1. गुजरातमधून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला हा वाण माळव्यात पसरला तो लवकर तयार होतो, उशिरा पेरला तरी उष्णता सोसतो आणि दाणा ठसठशीत देतो म्हणून. काळ्या आणि तपकिरी, दोन्ही तांबेऱ्यांना तो बळी पडतो. तांबेऱ्याचे काम करणाऱ्यांनी तो मागे घ्यावा असे वारंवार सांगितले. शेतकऱ्याचे उत्तर साधे होते: इतकी वर्षे पेरतोय, गेरुआ कुठे आला? मंडीत भाव मिळतो तो वाण सोडायचा कशासाठी?

हे उत्तर खोटे नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. लोक-1 लवकर पिकतो, म्हणून बुरशीचे शेवटचे, सर्वांत घातक फेरे चुकतात. निलगिरीतला गहू घटल्याने दक्षिणेतून येणारे बीजाणूही कमी झाले. आणि लोक-1 च्या शेजारी काठिया, म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहू आहे. बाफल्याच्या (बाटीसारख्या पदार्थाच्या) आणि दलियाच्या मागणीमुळे तो माळव्यात टिकला, मालवशक्तीसारख्या वाणांमुळे वाढला. काठियावर येणारे तपकिरी तांबेऱ्याचे वंश साधारणपणे वेगळे असतात, त्यामुळे सलग पट्टा तुटतो. थोडक्यात, लोक-1 वाचला तो शेजाऱ्यांच्या पुण्याईवर. सगळीकडे लोक-1 पेरला असता तर ही शांतता राहिली नसती. त्यातही एखाद्या वर्षी नोव्हेंबरात पाऊस झाला आणि मार्च थंड गेला, की पेरणी उशिराची असेल तर लवकर पिकण्याचा फायदा उरत नाही. तांबेऱ्याला बळी पडणारे बियाणे तयार करून विकत राहणे हा माझ्या मते धोरणाचा दोष आहे. शेतकऱ्यावर तो टाकू नये. तितका लवकर येणारा, तितकाच उष्णता सोसणारा पर्याय त्याच्या हाती उशिरा पडला.

दरम्यान 1998 मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा असा वंश सापडला, ज्याने राय (rye) या धान्यातून गव्हात आलेले एसआर-31 हे जनुक निकामी केले. 1999 मध्ये नाव मिळालेला हा युजी-99 पुढे इराणपर्यंत पोचला. भारतात तो आढळलेला नाही. तरीही भारतीय वाण केनियात नेऊन त्याच्यापुढे तपासले जातात, आणि पैदाशीत आता एका मोठ्या जनुकाऐवजी रोगाचा वेग कमी करणारी एसआर-2 सारखी जनुके इतरांबरोबर जोडून देण्यावर भर आहे.