हेझ, बॉब

हेझ, बॉब : (२० डिसेंबर १९४२ – १८ सप्टेंबर २००२). अमेरिकन फुटबॉलपटू व कमी पल्ल्याच्या शर्यतींतील धावपटू. पूर्ण नाव रॉबर्ट ली हेझ. ‘बुलेट बॉब’ या टोपणनावाने प्रसिद्ध. ऑलिंपिक सुवर्णपदक आणि सुपर बोल, म्हणजे राष्ट्रीय फुटबॉल लीगचा अजिंक्यपदाचा सामना, या दोन्हींचा मानकरी ठरलेला तो एकमेव खेळाडू. त्याची ओळख सहसा ‘फुटबॉल खेळणारा धावपटू’ अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा होता : तो फुटबॉलसाठी महाविद्यालयात गेला आणि तिथे धावूही लागला. (हा फुटबॉल म्हणजे हाताने फेकायचा आणि काखेत धरून पळायचा लांबट चेंडू, आपल्याकडच्या फुटबॉलशी त्याचे नाते बव्हंशी नावापुरतेच.)

जन्म फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे. तेथील मॅथ्यू गिल्बर्ट या कृष्णवर्णीयांच्या शाळेतून तो टॅलाहासीच्या फ्लोरिडा ए अँड एम या, तेव्हा केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या विद्यापीठात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाला. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे राज्यातील गोऱ्या विद्यापीठांची दारे त्याला बंद होती आणि त्यांच्या मैदानी स्पर्धांची देखील. जेक गेथर हे तिथले फुटबॉल प्रशिक्षक. १९४५ ते १९६९ या काळात त्यांच्या संघाने २०३ सामने जिंकले, हरले फक्त ३६. अशा माणसाला आपला खेळाडू धावण्याच्या सरावासाठी सोडणे जिवावर यायचे यात नवल नाही. ऑलिंपिकच्या वर्षी हेझला सरावाला वेळ द्यावा म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गेथर यांना स्वतः फोन केला, असे सांगतात.

१९६२ मध्ये मायामी विद्यापीठाने त्याला आपल्या मैदानावर धावायला बोलावले. तिथे त्याने १०० यार्ड ९.२ सेकंदांत धावून फ्रँक बड याच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २१ जून १९६३ रोजी सेंट लुईस येथे ही वेळ ९.१ वर आली आणि तो विक्रम पुढे अकरा वर्षे टिकला. १९६४ मध्ये बंदिस्त मैदानावर ६० यार्ड ५.९ सेकंदांत धावून सहा सेकंदांची सीमा ओलांडणारा तो पहिला ठरला. बघणाऱ्याला मात्र त्याचे धावणे देखणे वाटत नसे. वजन ८५ किलोंच्या आसपास, पावले आत वळलेली, खांदे डावी-उजवीकडे झुलणारे. शैलीच्या पाठ्यपुस्तकात यातले काहीच बसत नव्हते. सुरुवातही तशी बेताचीच. पण एकदा वेग पकडला की कोणी त्याच्या आसपास राहत नसे.

टोकियो ऑलिंपिकमधील १०० मीटरच्या उपांत्य शर्यतीत त्याने ९.९१ सेकंदांची नोंद केली. वारा सेकंदाला ५.३ मीटर वेगाने पाठीशी असल्याने ती विक्रमात धरली गेली नाही. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी झालेल्या अंतिम फेरीत त्याला सर्वांत आतली, पहिली मार्गिका मिळाली. तेव्हाचे मार्ग सिंडरचे, म्हणजे कोळशाच्या भुकटीचे असत, आणि वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतील स्पर्धकांच्या पायांनी नेमकी हीच कड उखडून गेली होती. त्यात त्याचा एक बूट क्रीडाग्रामातील खोलीत पलंगाखाली राहून गेला. मैदानावर पोहोचल्यावर ते लक्षात आले आणि ऐन वेळी दुसऱ्याचे खिळ्यांचे बूट मागून घ्यावे लागले. तरीही १०.० सेकंद ही जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारी वेळ नोंदली गेली (विजेच्या घड्याळाने १०.०६). क्युबाचा एन्रिके फिगेरोला आणि कॅनडाचा हॅरी जेरोम प्रत्येकी १०.२ सेकंदांत मागून आले.

त्याहून जास्त बोलले जाते ते ४ × १०० मीटर रिलेबद्दल. बॅटन बदलण्यात अमेरिकन संघ कच्चा होता. फ्रान्सच्या जोसलिन देलकूरने पॉल ड्रेटनला, तुमच्याकडे हेझशिवाय आहे काय, असे डिवचले. आम्हाला तेवढाच पुरे, असे उत्तर ड्रेटनने नंतर दिले म्हणतात. हेझच्या हाती बॅटन आला तेव्हा अमेरिका पाचव्या क्रमांकावर होती. त्याने पुढच्या चौघांना मागे टाकले आणि संघाने ३९.० सेकंदांचा नवा जागतिक विक्रम केला. त्याच्या टप्प्याची वेळ कोणी ८.५ लावतो, कोणी ८.९; आकडा कोणताही धरा, धावत्या सुरुवातीनेसुद्धा त्या काळी अशी वेळ कोणी पाहिली नव्हती. यानंतर तो स्पर्धेत धावला नाही. वय होते एकवीस.

राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील डॅलस काउबॉइज संघाने त्याला आधीच, १९६४च्या खेळाडू निवडीत (लीगचे संघ महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेत) सातव्या फेरीत निवडून ठेवले होते. अशा निवडीमागे बहुधा जुगाराचाच भाग असतो. १९६५ च्या पहिल्याच हंगामात त्याने ४६ चेंडू झेलून १,००३ यार्डांची मजल मारली आणि १२ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनविरुद्ध एकाच सामन्यात २४६ यार्ड. काउबॉइजचा हा विक्रम २००९ पर्यंत अबाधित होता.

खरा परिणाम आकड्यांच्या पलीकडचा आहे. तोवर बचाव करणारा एक खेळाडू एका झेलणाऱ्याला चिकटून धावे. हेझला असे चिकटून धावणे कोणालाच जमेना. मग प्रतिस्पर्धी संघ माणसाऐवजी मैदानाचा तुकडा वाटून घेऊन राखू लागले आणि त्याला सुरुवातीच्या रेषेवरच धक्के देऊन अडवू लागले. क्षेत्ररक्षणाची ही पद्धत हेझनेच जन्माला घातली असे सर्रास लिहिले जाते, ते अतिशयोक्त आहे. ती आधीही होती. हेझमुळे ती सगळ्यांच्या गरजेची झाली.

दोषही सांगायला हवेत. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे हाडे गोठवणाऱ्या थंडीत झालेल्या विजेतेपदाच्या सामन्यात, चेंडू आपल्याकडे येणार नसेल तेव्हा हेझ हात विजारीत खुपसून उभा राही. ग्रीन बेच्या बचावपटूंनी हे हेरले आणि फेक कोणाकडे जाणार याचा अर्धा अंदाज त्यांना आयताच मिळाला. काउबॉइज तो सामना हरले.

तो केवळ वेगावर तरला, हा आक्षेप मात्र टिकत नाही. १९६८ चा १०० मीटर विजेता जिम हाइन्स मायामी डॉल्फिन्सकडून जेमतेम दहा सामने खेळला. चेंडू हातातून सुटण्यावरून त्याची चेष्टा होई. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या ऑलिंपिक धावपटूंनाही या खेळात बस्तान बसवता आले नाही. पाय यांचेही वेगवान होते. हेझजवळ शाळेपासून घटवलेला फुटबॉल होता.

जानेवारी १९७२ मध्ये काउबॉइजनी सहाव्या सुपर बोलमध्ये मायामीला २४–३ असे हरवले. १९७५ चा हंगाम सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळून तो निवृत्त झाला : एकूण ३७१ झेल, ७,४१४ यार्ड, ७१ टचडाउन. झेलामागे सरासरी वीस यार्ड.

निवृत्तीनंतर दारू व अमली पदार्थांनी त्याला ग्रासले. अमली पदार्थ विकल्याचा गुन्हा १९७९ मध्ये कबूल करून त्याने दहा महिने तुरुंगवास भोगला. फुटबॉलच्या कीर्तिदालनाचे दार त्यामुळेच लांबले, असे अनेक जाणकार मानतात. मैदानी खेळांच्या कीर्तिदालनात तो १९७६ मध्येच गेला होता. १९९४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याने फ्लोरिडा ए अँड एममधील अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण केली. २००१ मध्ये काउबॉइजनी त्याचे नाव आपल्या मैदानावरील मानाच्या यादीत घेतले. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडे निकामी होऊन जॅक्सनव्हिल येथे त्याचे निधन झाले. फुटबॉलच्या कीर्तिदालनाने त्याला २००९ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी, प्रवेश दिला.